जमिनीवरचा एक तास

१० जानेवारी १९२७, सोमवार

शिवणाच्या वर्गाच्या या वहीची मागची पानं कोरी आहेत. आज कुणाशी बोलवत नाही, म्हणून इथे लिहिते.

नाहूम वारला, असं सांगायला एक माणूस आला आहे.

दुपारी शाळेतून परतले तर माझी भावजय रहमा दारातच उभी. "खातून, आधी बस," म्हणाली. दादाच्या घरी राहायला आले त्याला पंधरा वर्षं झाली. हिनं मला कधी आधी बस म्हटलेलं नाही. आत बैठकीत तो होता. एलियास नाव. चाळिशीचा, अंगात गरम मुलखातला पातळ कोट, शेगडीला चिकटून बसलेला. रंगूनहून इथे बगदादला आलाय.

"बाई, तुमचे यजमान नाहूम, त्यांच्यावर शांती असो, एकोणीस सालच्या तापाच्या साथीत गेले. मी शेजारीच होतो."

पुढे दर वेळी नाव आलं की 'त्यांच्यावर शांती असो.' मेलेल्या माणसाचं नाव घेतल्यावर सगळेच म्हणतात, पण बोलण्याच्या ओघात एखाद्या वेळी राहून जातं. याचं एकदाही राहिलं नाही. पाठ करून आल्यासारखं.

मी विचारलं, "आठ वर्षं कुठे होतात?"

"पत्ता नव्हता, बाई."

"मग आज सरळ आमच्या दारात कसे आलात?"

तो चहाच्या पेल्याकडे बघत राहिला. दादा म्हणाला, "अगं, समुद्र ओलांडून आलाय माणूस. श्वास तर घेऊ दे त्याला."

मग त्यानं मेणकापडातून पुस्तक काढलं. नाहूमचा इंग्रजी शब्दकोश. कोपरा वाळवीनं खाल्लेला. आमच्या लग्नाचं पहिलं वर्ष या पुस्तकावर गेलं. त्यानंतरच्या वर्षी, बारा साली, सुलतानाच्या फौजेत भरती नको म्हणून नाहूम पळाला तेव्हा कपडे कमी केले, पण हे घेतलं. त्याचं शेवटचं पत्र चौदा सालचं, लढाई सुरू व्हायच्या आधीचं.

हात लावला तेव्हा रडू यायला हवं होतं. मनात आलं ते एवढंच, की पुस्तक चोरताही येतं.

रहमाच्या थोरल्याचं लग्न उन्हाळ्यात आहे. त्याला माझी खोली हवी आहे हे मला कुणी सांगितलेलं नाही, पण तिनं दोनदा खिडकीची मापं घेतली. या माणसाला कुणी बोलावलं असेल तर?

११ जानेवारी

हाखाम येहूदांकडे, आमच्या यहूदी गल्लीच्या धर्मगुरूंकडे, गेले. ते लिंबू घातलेलं गरम पाणी पीत बसले होते. लुलू खाला, त्यांची बायको, म्हणाली, "ये गं पोरी, तुझी पीडा मला लागो," आणि माझ्यासाठी उशी आणायला गेली ती दाराआड थांबूनच राहिली. मला पावलं ऐकू आली नाहीत.

"साक्षीदार एकच आहे," मी म्हणाले.

"तुझ्यासारखीला एक पुरतो. बाकीच्या कज्ज्यांना दोन लागतात."

"म्हणजे तो खोटं बोलला तरी मी मोकळी?"

"तो खोटं बोलला, तू लग्न केलंस आणि उद्या नाहूम दारात उभा राहिला, तर तू दोघांनाही गमावशील. पोरं झाली तर त्यांना आपल्यात कुणी घेणार नाही. म्हणूनच तर एक साक्षीदार पुरतो. पुढची चौकशी बाई स्वतः करते. तिच्याइतकं कोण खोदणार?"

हे मला ठाऊक होतं. पंधरा वर्षं मी ना सधवा ना विधवा. चार वर्षांपूर्वी हिस्केलनं, पुस्तकं बांधणाऱ्या हिस्केलनं, एकदाच लग्नाचं विचारलं होतं. "तुझं दार उघडलं तर मला कळव," म्हणाला, आणि पुन्हा तो विषय काढला नाही. त्याची बायको गेली त्याला सहा वर्षं झाली. आता त्याला बसऱ्याच्या नव्या छापखान्यातून बोलावणं आहे. शाव्वोतच्या सणापर्यंत तो उत्तर देणार आहे. सण जूनमध्ये.

मी हाखामांना म्हणाले, "जुनी बातमी आहे, सुतकाचे सात दिवस पाळायचे नाहीत हे कळतं मला. पण रीतीचा तो एक तास जमिनीवर बसते. आजच बसते."

"बसू नको."

"का?"

"आधी साक्ष होऊ दे."

"हाखाम, नवरा माझा आहे."

"बसू नको म्हटलं ना, पोरी."

एवढा कोरडा माणूस मी पाहिला नाही. परत येताना एकेक आठवायला लागलं. लुलू खालाची भाची विधवा आहे, छत्तिशीची, दिसायला बरी. गल्लीत सगळे म्हणतात की तिच्यासाठी हिस्केलकडे बघताहेत. मी मोकळी झाले नाही तर कुणाचं भलं होतं, हे कळायला फार शहाणपण लागत नाही.

१२ जानेवारी

बसले.

सगळे बाहेर गेले तेव्हा खोलीला कडी घातली. उभी राहिले, मेलेल्यासाठी फाडतात तसं झग्याच्या आतलं अस्तर उजव्या बाजूला धरलं आणि फाडलं. आत, म्हणजे कुणाला दिसायला नको. कापड चांगलं, उभ्या धाग्यात सरळ फाटत गेलं. मुलींना मी शिकवते तसं. मग जोडे काढून फरशीवर बसले. भिंतीवरच्या घड्याळात तीन ते चार.

पहिला अर्धा तास काहीच नाही. मग एकदम त्याचे कान आठवले. मोठे कान होते त्याचे. हसला की लाल व्हायचे. मग मात्र रडले.

चार वाजता उठून जोडे घातले. हाखामांना सांगणार नाही.

१६ जानेवारी, रविवार

काल शब्बाथ, कामधंदा बंद ठेवायचा पवित्र शनिवार. जेवण घरीच. हाखाम आणि लुलू खालालाही बोलावलं होतं, आणि एलियासला. रात्रभर निखाऱ्यांवर शिजलेला कोंबडी-भात, काळपट अंडी, अंबा म्हणजे कैरीचं लोणचं, आणि खजुराच्या पाकातली शलगमं.

एलियास पहिल्यांदाच सैलावला. शलगमांचं भांडं त्याच्यापाशी आलं तेव्हा हसला. म्हणाला, "नाहूमसमोर हे भांडं ठेवून बघा! हात लावत नाही. ताटात पडलं तर टेबलाखाली मांजराला देतो, आणि वर म्हणतो, मांजर बगदादी आहे!"

दादा ठसका लागेपर्यंत हसला. खरंच, नाहूम शलगमाला शिवायचा नाही. म्हणजे हा त्याला ओळखत होता एवढं नक्की.

हाखामांनी चमचा खाली ठेवला. भात खारट झाला होता, मी रहमाला सांगितलं होतं.

"आणखी काय म्हणतो तो?" त्यांनी विचारलं.

"म्हणतो, आमच्या वाट्याचे..." एलियास थांबला. चेहरा त्या भांड्यातल्या पाकासारखा झाला. "म्हणायचे. त्यांच्यावर शांती असो. त्यांच्यावर शांती असो."

दोनदा म्हणाला. एवढं सोवळं कशाला, कोण जाणे. हाखामांनी नंतर काहीच खाल्लं नाही. लुलू खाला म्हणाली, "यांचं पोट बिघडलंय." जाताना ते एलियासच्या खांद्यावर हात ठेवून चालत होते, जुने मित्र असल्यासारखे. दोघांचं आधीच काही ठरलं असेल तर?

१९ जानेवारी

तीन दिवस शब्दकोश वाचते आहे.

तेव्हा नाहूम संध्याकाळी म्हणायचा, "चल, इंग्रजांनी आपल्याला कुठे कुठे बसवलंय ते बघू." मग आमच्याबद्दलचा शब्द शोधायचा, अर्थ वाचून दाखवायचा आणि समासात आपल्या अक्षरांत खरं काय ते लिहायचा. असं करत करत मी इंग्रजी शिकले. 'एम' अक्षरापर्यंत आम्ही दोघांनी केलं. पुढचं त्यानं एकट्यानं.

'पी'खाली तेफिलीनचा, प्रार्थनेच्या वेळी बांधायच्या चामडी डब्यांचा, शब्द आहे. कोश म्हणतो, ताईत. यहूदी लोक कपाळाला व दंडाला बांधतात. समासात नाहूम: "हाखाम येहूदांना ताईतवाला म्हणून बघ, छडी खाशील."

'आर'खाली राब्बी, म्हणजे आपले हाखाम. कोश म्हणतो, यहूद्यांचा पंडित. पोकळ शब्दांचा कीस काढणारा. नाहूम: "कीस काढतात हे खरं. पोकळ नाही. इथे कीस काढणारा कुणी नाही, तेव्हा कळतं."

हसले. मग 'एस'खाली शब्बाथ: "शनिवारी दुकान उघडं ठेवतो. खातूनला सांगू नये."

हे दोन वेळा वाचलं. पाच हजार मैलांवरून तो माझ्यापासून शनिवार लपवत होता. वाईट वाटायला हवं, पण माझं नाव त्यानं लिहिलं होतं याचं बरंच वाटलं.

'यू'खाली पेसाखच्या सणाची बिनफुगवलेली भाकर: "यंदा पोरीनं पीठ भिजवून तसंच ठेवलं. फुगलं. सगळं टाकावं लागलं. हसून हसून पुरेवाट." मोलकरीण ठेवली असणार. मोलकरणींवर तो ओरडायचा, हसत नव्हता. परदेशात माणूस निवळतो.

शेवटचा शब्द 'झेड'खाली, झायन, आपली जुनी पवित्र भूमी. त्याच्याजवळ: "शब्द संपले. पुस्तक जिचं तिला परत जावं."

मरताना लिहिलं असेल. अक्षर थोडं मोठं आहे, म्हातारं झाल्यासारखं. तापात असं होतं.

२४ जानेवारी

आज तीन हाखामांपुढे साक्ष होती. मी बायकांच्या बाजूला, जाळीमागे.

एलियास उभा राहिला. "मी, एलियास, माझ्या डोळ्यांनी पाहिलं की..."

इतक्यात हाखाम येहूदांची कॉफी सांडली. कप उलटा, झब्बा भिजला. माणसं धावली, पाणी, फडकं. पुसून झाल्यावर त्यांनी कपाळ धरलं. "आज डोकं दुखतंय. बस खाली, एलियास. काही बोलू नकोस. आज सभा नाही."

"हाखाम, एकच वाक्य आहे," दादा म्हणाला.

"एका वाक्यालाही डोकं लागतं, सालेह."

बाकीचे दोघे एकमेकांकडे बघत उठले. हाखाम येहूदांचा हात कधी थरथरत नाही. सत्तराव्या वर्षी सुईत दोरा ओवतात, मी पाहिलंय. कप त्यांनी सांडला. मी शपथेवर सांगेन.

दुपारी लुलू खाला डबा घेऊन आली. "खा गं, तुझी पीडा मला लागो." मी विचारलं, "खाला, तुझी भाची कशी आहे?" ती म्हणाली, "बरी आहे. का गं?" एवढं निरागस तोंड करायला किती सराव लागत असेल.

२७ जानेवारी

शब्दकोशाचा कणा सैल झाला आहे, या निमित्तानं हिस्केलच्या दुकानात गेले. खरं तर कुणीतरी माझ्या बाजूचं आहे का, ते बघायचं होतं.

त्यानं पुस्तक हातात घेतलं, उघडलं, नाकाशी धरलं. मग पुन्हा हुंगलं.

"काय झालं?"

"हे दोनदा बांधलंय, खातून. दुसरी बांधणी नवी आहे. पिठाच्या खळीला वर्षभर आंबूस वास राहतो, मग जातो. हा अजून गेलेला नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे गेल्या वर्षी कुणीतरी बांधून घेतलंय. आणि शेवटच्या पानांवरची शाई नव्या बांधणीच्या शिवणीवरून गेलीय. इथे बघ. आधी बांधलं, मग लिहिलं." त्यानं पुस्तक मिटलं. "तू ते एकोणीस सालचं सांगितलंस, ते कुणी सांगितलं?"

मला काय झालं कळलं नाही. म्हणाले, "तुम्हाला मी मोकळी व्हायला नकोच आहे. हाखामांच्या भाचीचं ठरलंय, तर सरळ सांगा ना. खळीचा वास कशाला हुंगता?"

त्यानं चष्मा काढून पुसला. "खोटं बोलायचं असतं तर बांधणी दहा वर्षांची आहे असं म्हणालो असतो. माझ्या सोयीचं तेच होतं."

हे वाक्य त्यानं आधीपासून तयार ठेवलं असावं. मी पुस्तक उचललं आणि निघाले. तो मागून म्हणाला, "कणा तरी चिकटवून देतो." मी वळले नाही.

घरी येऊन शेवटची पानं उजेडात धरली. शाई शिवणीवरून गेली आहे. म्हणजे एलियासनं नाहूमचं अक्षर गिरवून खोटं लिहिलं. दुसरं काय असणार?

३ फेब्रुवारी

एलियास पळाला. सकाळी बसऱ्याच्या गाडीनं. दादाला सांगितलं नाही, मला नाही. सराईवाला म्हणाला, हाखाम येहूदा पहाटे येऊन बसले होते त्याच्यापाशी, मग दोघांनी मिळून पेटी बांधली.

तशीच हाखामांकडे गेले.

"गेला तो," मी म्हणाले.

"गेला. येईल."

"तुम्ही पाठवलंत."

"मी म्हातारा माणूस, आगगाडी थोडीच चालवतो?"

"हाखाम, माझा एकुलता एक साक्षीदार तुम्ही गावाबाहेर घालवलात. मी एक्केचाळीस वर्षांची आहे. अजून किती वर्षं जाळीमागे बसवणार मला?"

डोळे पाणावले त्यांचे, पण म्हाताऱ्यांचे डोळे थंडीनंही पाणावतात.

८ फेब्रुवारी

हाखामांनी शब्दकोश मागवला. द्यायचा नव्हता, पुरावा नाहीसा करतील असं वाटलं. पण हाखामांना नाही म्हणायला जीभ रेटली नाही. पानं मोजून दिली.

चार दिवसांनी मीच जाऊन परत आणला. मोजली, सगळी होती. त्यांना इंग्रजी येत नाही, समास वाचले असणार. मला म्हणाले, "ताईतवाला वाचलं मी. मेल्याला खरंच छडी द्यायला हवी होती." मग बोट ठेवून विचारलं, "ही पोर कोण?"

"मोलकरीण असेल."

"हं," म्हणाले. बराच वेळ बोट तिथेच होतं.

१८ मार्च, शुक्रवार

पुरीमचा सण. गल्लीभर मिठाईची ताटं फिरताहेत. हिस्केलनं माझ्याकडे ताट पाठवलं, दरवर्षीसारखं. बदामाचे लाडू आणि एक छोटी कोरी वही, कातडी बांधणीची. मी ताट ठेवून घेतलं, उत्तराचं पाठवलं नाही.

ती वही मीही हुंगून पाहिली. आंबूस वास येतो. नवी आहे.

२६ एप्रिल

पेसाख संपला. पीठ मळताना त्या पोरीची आठवण झाली, जिनं पीठ फुगवलं. का ते माहीत नाही. मोठ्या मोलकरणीला पोर कोण म्हणतं?

रहमा म्हणाली, हिस्केल बसऱ्याला होकार कळवणार आहे. "तू बोलली नाहीस तर माणूस काय करणार?" मी म्हणाले, "तुला माझी खोली मिळेल ना, मग झालं." ती रडायला लागली. म्हणाली, मापं पडद्यांसाठी घेतली होती, माझ्या. पडदे शिवून ठेवलेले दाखवले. हिरवे. टाके अगदी वाईट घातलेत.

९ मे, सोमवार

एलियास परत आला.

हाखामांनी बोलावणं पाठवलं: उद्या सकाळी ये, हातातल्या अंगठ्या काढून ये.

माझ्या हातात नाहूमची एकच अंगठी आहे. साक्षीला अंगठी कशाला काढायची?

१० मे

लिहायला हात चालत नाही, तरी लिहिते.

लुलू खालानं साबणानं माझी अंगठी काढली. पंधरा वर्षांत रुतली होती. मी विचारलं, "खाला, विधवेला अंगठी चालते. मग हे काय?" ती नुसती माझी बोटं चोळत राहिली. तेव्हा कळलं. अंगठी कधी काढायला लावतात ते मला माहीत होतं. सोडचिठ्ठी घेताना, म्हणजे कागद आणि तळहात यांच्यामध्ये काही येऊ नये.

मेलेला माणूस सोडचिठ्ठी पाठवत नाही.

मी जोत्यावर बसले. हाखाम बाहेर आले, माझ्याशेजारी बसले, काठी आडवी ठेवून.

"जेवताना शांती म्हणायला विसरला, तेव्हाच कळलं," ते म्हणाले. "मांजराला देतो म्हणाला. मेलेला माणूस मांजराला काही देत नाही."

"मग सभा का मोडलीत? पकडायचं होतं तिथेच."

"सभेत बोलला असता तर खोटा साक्षीदार झाला असता. मग त्याच्या हातून सोडचिठ्ठी आणवता आली नसती. घरात खोटं बोलला होता, सभेत अजून नव्हता. मधे तेवढीच जागा होती. म्हणून कॉफी सांडली. चांगल्या झब्ब्यावर सांडली, लुलू अजून बोलते."

"आणि मला का नाही सांगितलंत?"

ते काठीकडे बघत राहिले. "सांगितलं असतं तर तू पुन्हा त्याची वाट बघायला लागली असतीस."

मला 'नाही' म्हणता आलं नाही.

एलियास अंगणात उभा होता, जवळ यायला धजत नव्हता. मीच बोलावलं. आज शांती-बिंती काही नव्हतं.

"ती पीठ फुगवणारी पोर नाहूमची. तिची आई माझी बहीण," तो म्हणाला. "आम्हाला तो अविवाहित म्हणून सांगून आला होता. गेल्या वर्षी मी ते पुस्तक त्याच्यासाठी नव्यानं बांधून आणलं. बहिणीला इंग्रजी येत नाही, समास येतात वाचता. तिनं विचारलं, ही खातून कोण? आठ दिवस चूल पेटली नाही घरात. रंगूनच्या हाखामांपुढे उभं राहायची त्याला लाज. म्हणून आम्ही ठरवलं की त्याला मारून टाकू. म्हणजे, तोंडानं. बहीण म्हणाली, त्या बाईला मोकळं केल्याशिवाय मी याला जेवायला वाढणार नाही."

"मग चिठ्ठी कुठे लिहिली?"

"कलकत्त्याला. इथल्या हाखामांनी सांगितलं, तिथे त्याला कुणी ओळखत नाही."

"पोर केवढी आहे?"

"नऊ वर्षांची."

नाव विचारायचं होतं. विचारलं नाही.

११ मे, बुधवार

तीन हाखाम, दोन साक्षीदार. आज जाळीमागे नाही, समोर. एलियास उभा राहिला आणि म्हणाला, "माझ्यासमोर लिहिलं गेलं, माझ्यासमोर सह्या झाल्या." या वेळी कुणाची कॉफी सांडली नाही. मी मात्र त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. मला सवय लागली आहे.

हाताची ओंजळ करायला सांगितली. एलियासनं कागद वरून सोडला. "ही तुझ्या नवऱ्यानं पाठवलेली सोडचिठ्ठी. आता तू कुणाही पुरुषाला मोकळी." कागद इतका हलका की पडल्याचं कळलं नाही, मिटल्यावर कळलं. रीतीप्रमाणे मुठी वर उचलल्या, मग कागद काखेत धरून दारापर्यंत चालत गेले आणि परत आले. बारा ओळी होत्या. परत देण्याआधी मोजल्या. हाखामांच्या मिशा हलल्या, पण त्यांनी मोजू दिल्या.

मग ते म्हणाले, "नव्वद दिवस थांब. पुढे तुझी मर्जी."

निघताना मी त्यांना गाठलं. "हाखाम, मी तो तास बसले होते. तुम्ही नको म्हणालात तरी. अस्तर फाडलं."

"माहीत आहे. चार महिने उजव्या बाजूवर हात ठेवून हिंडतेस."

"मेलेल्यासाठी फाडलेलं तीस दिवसांनी शिवतात. जिवंत माणसासाठी फाडलेलं शिवतात का?"

त्यांनी दाढी धरली. डोळे मिटले, उघडले. "बघून सांगतो," म्हणाले आणि पुस्तकांच्या कपाटाकडे गेले. लुलू खाला म्हणाली, "आता हे जेवायचे नाहीत आज."

१३ मे, शुक्रवार

काल हिस्केलच्या दुकानात गेले. जाताना वाक्य ठरवून गेले होते, तिथे गेल्यावर विसरले. म्हणाले, "खळीचा वास खरा होता."

"माहीत आहे," तो म्हणाला. "बस ना."

"बसऱ्याला उत्तर पाठवलंत?"

"लिहिलंय. पाठवलं नाही." खणातून पाकीट काढून त्यानं माझ्यासमोर ठेवलं. मी ते उघडलं नाही. महिन्यापूर्वी उघडलं असतं.

"नव्वद दिवस आहेत," मी म्हणाले.

"चार वर्षं होती, तेव्हाही मी इथेच होतो."

शब्दकोशाचा कणा त्यानं माझ्यासमोर चिकटवला. वाळेपर्यंत आम्ही दोघं तिथे बसलो. मग मी त्याची लेखणी घेतली आणि 'आर'च्या पानावर, नाहूमच्या ओळीखाली, लिहिलं: "कीस काढणारे अजून आहेत." तिथून जाऊन पुस्तक एलियासला दिलं. म्हणाले, "पोरीला इंग्रजी शिकायला होईल. आईलाही शिकवा, नुसते समास वाचून भागत नाही."

आज सकाळी हाखामांचा निरोप आला. दोन दिवस शोधून त्यांनी उत्तर काढलं: चुकीनं फाडलेलं कापड केव्हाही शिवावं, बाईची तयारी झाली की.

शब्बाथचे दिवे लावायला अजून वेळ आहे. रहमाचे हिरवे पडदे लावले आहेत, वाऱ्यानं हलताहेत. जमिनीवरच बसले आहे, त्याच जागी, पण जोडे घालून. अस्तर उलटं केलं. चार महिन्यांत कडेचे धागे सुटले आहेत, तेवढे आधी कापले. बारीक टाका घातला, मुलींना दाखवते तसा, एकसारखा. शेवटी गाठ मारली, आणि धागा तोडला.